तलाव विकता, तसा गोंदही विका

फुगवायचे घरगुती पोहण्याचे तलाव बनवणारे, आयात करणारे आणि ऑनलाइन विकणारे सर्व व्यावसायिक यांस,

मी अकोल्यात हार्डवेअरचे दुकान चालवतो. नळाच्या तोट्या, पाइप, कूलरचे पंप, टिल्लू मोटारी, ताडपत्र्या, रंग असा माल. तुमचा तलाव मी विकत नाही, पण एप्रिल उजाडला की तो माझ्या काउंटरवर येऊन पडतो. ओला, कशीतरी घडी घातलेला, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात कोंबलेला. सोबत एक वैतागलेला बाप आणि बापाचे बोट धरून एखादे पोर. प्रश्न ठरलेला असतो : "भाऊ, हे कशाने चिकटेल?"

खरे तर हे उत्तर तुम्ही द्यायचे. तुम्ही देत नाही, म्हणून ते माझ्याकडे मागितले जाते, आणि माझ्या फळीवर त्याचा माल नाही. म्हणून हे पत्र.

एक आधीच स्पष्ट करतो. तुमचा तलाव फुटतो, ही माझी तक्रार नाही. पातळ प्लॅस्टिकची वस्तू, आमच्याकडचा ४४-४५ अंशांचा मे महिना आणि त्यात सहा पोरांचा धिंगाणा, म्हणजे काहीतरी फाटणारच. गिऱ्हाईकसुद्धा समजूतदार असते. दोन उन्हाळे निघाले तर ते खूश. माझी तक्रार अशी की तो का फुटतो, फुटू नये म्हणून काय करायचे आणि फुटला तर कशाने सांधायचा, हे सगळे तुम्हाला ठाऊक असते आणि यातले काहीही तुम्ही घेणाऱ्याच्या भाषेत, घेणाऱ्याला दिसेल अशा जागी लिहीत नाही.

तुमचा तलाव आणि माझ्या दुकानातला पांढरा कडक पाइप हे नात्याने सख्खे आहेत. दोन्ही पीव्हीसी. पीव्हीसी मुळात कडकच. त्यात मऊपणा आणणारे तेलकट रसायन मिसळले की तो वाकतो, घडी होतो, फुगतो. खोके उघडल्या उघडल्या जो वास नाकात जातो त्यात या मिश्रणाचा वाटा असतो. हे रसायन प्लॅस्टिकला घट्ट बांधलेले नसते. ऊन, उष्णता आणि वर्षे यांनी ते हळूहळू बाहेर निघत जाते आणि शीट पुन्हा आपल्या मूळ स्वभावावर येते, म्हणजे कडक होते. मग जिथे घडी पडली होती तिथे तडा. माळ्यावर वर्षभर ठेवलेला तलाव दुसऱ्या उन्हाळ्यात उघडला की घडीच्या रेषेवर गळतो तो यामुळे. कुणाच्या मुलाने टाचणी लावलेली नसते. घरात मात्र त्यावरून एकाला तरी ओरडा बसलेला असतो.

हे तुमच्या माहितीपत्रकात नसतेच असे मी म्हणत नाही. असते. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत, तेरा भाषांच्या घडीच्या आत. त्या तेरा भाषांत पोलिश असते, फिनिश असते, मराठी नसते आणि बहुधा हिंदीही नसते. अकोल्याच्या, नांदेडच्या, सोलापूरच्या घरांत जाणारा माल आहे तर एक कागद मराठीत छापायला किती खर्च येतो, हे मला प्रिंटिंग प्रेसवाल्याच्या शेजारी दुकान असल्यामुळे चांगले माहीत आहे.

आता मालाच्या जाडीबद्दल. मी ताडपत्री विकतो ती जीएसएम सांगून. शेतीचा पाइप विकतो तो चार केजी की सहा केजी हे सांगून. प्लॅस्टिकचा कागद मायक्रॉनवर जातो, पाण्याची टाकी किती थरांची ते विचारल्याशिवाय कुणी रुपया काढत नाही. शेतकरी माणूस पाइपाचे टोक दोन बोटांत दाबून बघतो आणि मग भाव करतो. तुमच्या खोक्यावर मात्र 'हेवी ड्यूटी', 'एक्स्ट्रा स्ट्राँग', 'सुपर टफ' असे लिहिलेले असते. किती जाड? उत्तर नाही. 'थ्री लेअर' असेल तर तिन्ही थर मिळून जाडी किती, मधल्या थरात जाळी आहे की नुसताच आणखी एक प्लॅस्टिकचा थर, तळाची शीट वेगळी आणि कडेची वेगळी आहे का, काहीच कळत नाही. ऑनलाइन घेताना बोटांनी दाबून बघायची सोयही नाही. तेव्हा तळ, भिंत आणि हवेची कड या तिन्हींची जाडी मिलिमीटरमध्ये छापा. एवढ्या एका ओळीने निम्मी भांडणे मिटतील. स्वस्त आणि महाग यातला फरक कशाचा आहे हे घेणाऱ्याला दिसेल, आणि तुमच्यातला जो खरोखर चांगला माल देतो त्यालाच त्याचा फायदा होईल.

तसेच मापाचे. खोक्यावर आठ फूट लिहिलेले असते. बऱ्याच मालात ते माप हवा भरण्याआधीचे, जमिनीवर पसरलेल्या शीटचे असते. हवा भरली की कड गोल होते आणि घेर आत येतो. गिऱ्हाईक टेप घेऊन माझ्याकडे येते, माझाच टेप खोटा असल्यासारखे माझ्याकडे बघते.

हवेच्या बाबतीत तर आमच्याकडे दरवर्षी तोच प्रकार. तलावासोबत पंप नसतो, किंवा असतो तो पायाने दाबायचा, दहा मिनिटांत त्याची नळी निसटते. मग तलाव स्कूटरवर टाकून टायरवाल्याकडे जातो. दुचाकीच्या टायरात तीसेक पौंड हवा असते. तुमच्या कडेला एक पौंडही लागत नाही. कॉम्प्रेसरची नळी लावली, टायरवाल्याने सवयीने दाबून घट्ट होईपर्यंत भरली, आणि तो टणक झालेला तलाव घरी नेऊन दुपारी गच्चीवर ठेवला. पुढचे गणित शाळेच्या पुस्तकातले आहे. तीस अंशांची हवा साठ अंशांवर गेली की ती दहा टक्के जास्त जागा मागते. आमच्या गच्चीवर मे महिन्यात दुपारी दोन वाजता साठ अंश ही काही मोठी गोष्ट नाही, अनवाणी पाऊल टेकवून बघा. त्याच वेळी गरम झालेली शीट मऊ पडलेली असते. आतून दाब वाढतो, बाहेरून ताकद घटते आणि सगळा ताण जातो जोडावर.

हा जोड कसा बनतो ते तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून लिहितो. दोन शीट एकमेकांवर ठेवून धातूच्या साच्यात दाबतात आणि उच्च वारंवारतेची वीज सोडतात. प्लॅस्टिक आतून तापते आणि दोन्ही शीट एकजीव होतात. जोड चांगला बसला तर शीट फाटेल पण जोड सुटणार नाही, इतका पक्का. पण साचा जरा जास्त दाबला किंवा जास्त तापला की जोडाच्या अगदी काठाची शीट पातळ होते आणि तिथून चीर जाते. माझ्या काउंटरवर येणाऱ्या तलावांत ही चीर मी ओळखायला शिकलो आहे. ती जोडाला चिकटून, त्याच्या समांतर, पट्टीने आखल्यासारखी सरळ जाते. टाचणीचे भोक गोल असते, घासून पडलेले भोक खरबरीत असते, उंदराने कुरतडलेल्या कडेला दातांच्या खुणा असतात. सरळ चीर ही बहुतेक वेळा कारखान्यातून आलेली असते. 'वापरणाऱ्याने काळजी घेतली नाही' असे साचेबंद उत्तर पाठवण्याआधी तुमच्या माणसाने निदान फोटोतली चीर सरळ आहे की वाकडी एवढे तरी बघावे.

भरलेल्या तलावाची कड खालच्या पाण्याने थोडी तरी थंड राहते. रिकामा फुगवून उन्हात ठेवलेला तलाव सगळ्यात लवकर जातो. आमच्याकडे तर हे होणारच, कारण नळ रोज येत नाही. काटेपूर्णा धरणात किती पाणी उरले त्यावर आमच्या नळाचे दिवस ठरतात. पोरांच्या हट्टाने तलाव सकाळी फुगवून ठेवायचा आणि पाण्याची वाट बघायची, असे घरोघरी चालते. तुमच्या माहितीपत्रकातल्या चित्रात बागेतला हिरवा गवताळ तुकडा आणि बाजूला पाण्याची नळी सुरू असते. ते चित्र जिथले आहे तिथे खुशाल असू द्या. इथल्यासाठी एकच ओळ लिहा : पाणी हाताशी असल्याशिवाय फुगवू नका, दुपारी थोडी हवा सोडा, संध्याकाळी पुन्हा भरा.

ही संध्याकाळची गोष्टही कुणी सांगत नाही. रात्री हवा थंड झाली की ती आकसते आणि सकाळी कड मलूल दिसते. नवी शीट पहिल्या एकदोन दिवसांत थोडी ताणतेही. म्हणजे गळती नसतानाही तलाव सैल पडतो. लोक घाबरून पुन्हा टम्म भरतात, आणि दुपारी फाटतो. तसेच पाण्याचे. मे महिन्यात आमच्याकडे उघड्या पाण्याची पातळी नुसत्या उन्हाने दिवसाला सेंटीमीटरभर उतरू शकते. ती गळती नव्हे. खात्री करायची तर बादलीत पाणी भरून ती तलावातच उभी ठेवावी, आतल्या-बाहेरच्या दोन्ही पातळ्यांवर खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी बघावे. दोन्ही सारख्या उतरल्या तर सूर्याने प्याले, तलावाची जास्त उतरली तर भोक शोधावे. हवेच्या कडेला साबणाचे पाणी लावले की बुडबुडे दाखवतात. पाण्याखालच्या भोकासाठी आमच्याकडच्या एका आजीने दाखवलेली युक्ती : पाणी अगदी संथ होऊ द्यायचे आणि संशयाच्या जागी कपड्याच्या निळीचा थेंब सोडायचा. निळा धागा ज्या दिशेने ओढला जातो तिथे भोक. तुमच्या ग्राहक सेवेच्या क्रमांकावर या आजींना बसवावे असे मी गंभीरपणे सुचवतो.

आता गोंद. या पत्राचे मूळच ते आहे.

खोक्यात तुम्ही दुरुस्तीसाठी काहीतरी ठेवता. अंगठ्यापेक्षा थोडा मोठा, पारदर्शक प्लॅस्टिकचा एक तुकडा. त्याच्यावर काही लिहिलेले नसते, तो घड्यांमध्ये कुठेतरी चिकटलेला असतो, आणि दहातली नऊ घरे त्याला पॅकिंगचा कचरा समजून फेकतात. ज्यांनी जपून ठेवला त्यांनाही तो स्वतःच चिकटणारा आहे की त्याला गोंद लागतो ते कळत नाही. गोंद लागत असेल तर तो कोणता, हे खोक्यात नाही, खोक्यावर नाही आणि तुमच्या फोनवर बोलणाऱ्या मुलीलाही माहीत नाही. ती बिचारी 'आपकी असुविधा के लिए खेद है' म्हणते.

मग माणूस माझ्याकडे येतो. त्याला मी काय देऊ? फेविक्विक दिले तर ते काचेसारखे कडक होते. कड एकदा वाकली की तडकून निघते. एम-सील दिले तर दगड होतो, मऊ शीटवर दगड टिकत नाही. पाइपचे सोल्यूशन हे पीव्हीसीसाठीच बनलेले आहे म्हणून लोकांना वाटते की तेच लावावे. ते पीव्हीसी विरघळवते हे खरे, पण कडक पाइप कडक पाइपात बसवण्यासाठी ते आहे. पातळ शीटवर जरा जास्त लागले तर शीटच सुरकुतते, आणि वाळल्यावर तो भाग ताठ होऊन कडेला नवी चीर देतो. सायकलच्या पंक्चरवाल्याकडे रबर सोल्यूशन असते, पण ट्यूब रबराची, तलाव प्लॅस्टिकचा. प्लॅस्टिकमधले ते मऊ करणारे तेल वर येते आणि ठिगळ दोन दिवसांत सोलून हातात. आमच्या चौकातला पंक्चरवाला आता तलाव दिसला की लांबूनच हात हलवतो. "आपल्या सोल्यूशनला हे धरत नाही," म्हणतो, आणि माझ्या दुकानाकडे बोट दाखवतो.

लोकांनी यावर शोधून काढलेला उपाय तुम्ही एकदा पाहावा अशी माझी इच्छा आहे. फ्लेक्स छापणाऱ्यांकडे फ्लेक्सला फ्लेक्स जोडायचा गोंद असतो. फ्लेक्सही पीव्हीसीचेच, त्यामुळे तो गोंद बऱ्यापैकी धरतो. ठिगळाला कापड म्हणून मग फ्लेक्सचाच तुकडा. गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे एक निळा तलाव आला होता, त्याच्या कडेवर एका स्थानिक नेत्याच्या वाढदिवसाच्या फलकाचा तुकडा लावलेला. जोडलेले दोन हात, अर्धी मिशी आणि 'हार्दिक शुभे' एवढी अक्षरे. तलाव तिथून गळत नव्हता, हे नमूद करतो. गळती दुसऱ्याच जागी होती. नेत्याचे ठिगळ टिकले आणि तुमचा जोड सुटला, यावर तुम्ही विचार करावा.

मऊ पीव्हीसीसाठी लवचिक राहणारा व्हिनाइलचा गोंद जगात मिळतो. हवेच्या गाद्या, होड्या यांच्यासाठी तो वापरतात. त्याची छोटी ट्यूब आणि तळहाताएवढी शीट, तलावाच्याच मालाची, खोक्यात ठेवा. सोबत चार ओळी : हवा पूर्ण सोडा, जागा कोरडी करून स्पिरिटने पुसा, ठिगळाचे कोपरे गोल कापा म्हणजे सोलणार नाहीत, भोकाच्या चारही बाजूंनी दोन बोटे पुढे जाईल एवढे मोठे घ्या, वर वजन ठेवून एक दिवस हात लावू नका. जोडावरची चीर ठिगळाने भागत नाही, कारण तिथे उंचवटा असतो आणि हवा त्याच्या बाजूने वाट काढते. तेही प्रामाणिकपणे लिहा, आणि जोडावरून सुटलेला तलाव मुकाट्याने बदलून द्या. कडेच्या आत जे पडदे असतात ते तुटून कड एका जागी गळू आल्यासारखी फुगली तर त्याला घरी उपायच नाही. असा तलाव घेऊन आलेल्या माणसाला मी फक्त चहा पाजू शकतो.

झडपेचे थोडक्यात. बूच तलावाला ज्या पातळ पट्टीने जोडलेले असते ती पट्टी आधी तुटते, मग बूच हरवते, मग कापूस आणि चिंधी. सुटे बूच पाच-दहा रुपयांत विकायला ठेवा. आमचा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्याचा आहे. बोअरच्या पाण्याने झडपेवर पांढरा थर बसतो आणि आतला पडदा नीट मिटत नाही. पाणी बदलताना झडप गोड्या पाण्याने पुसा, एवढे सांगितले तरी पुरे.

पाण्यात लोक टीसीएल पावडर टाकतात, ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती. मूठभर घेतली आणि भिरकावली. न विरघळलेले खडे तळाला बसतात, तिथे रंग उडतो आणि शीट चामट होते. बादलीत आधी विरघळवून, वरचे निवळलेले पाणी तेवढे टाकायचे असते. किती लिटरला किती, हा तक्ता खोक्यावर नको का?

यापुढचा मुद्दा गळतीपेक्षा मोठा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. शहरातल्या किती जणांना अंगण आहे? तुमचा तलाव इथे गच्चीवर जातो. गच्ची किती वजन पेलायची याचे भारतीय मानक आहे, आयएस ८७५ चा दुसरा भाग. माणसांचा वावर असलेल्या सपाट छतासाठी चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो. वावर नसलेल्या छतासाठी त्याच्या निम्मे. पाण्याचा हिशेब तर तोंडी होतो : एक सेंटीमीटर खोल पाणी म्हणजे चौरस मीटरला दहा किलो. म्हणजे पंधरा सेंटीमीटर पाण्यातच गच्चीचा हिशेब संपला. तुमचा तीस इंच उंचीचा तलाव दोन फुटांपर्यंत भरला की तोच आकडा सहाशेवर जातो. दहा फुटी तलावात चार हजार लिटरच्या आसपास पाणी मावते, म्हणजे चार टन. ट्रकचा माल आहे हा, आणि तो तुम्ही 'सहज बसवा, दहा मिनिटांत तयार' म्हणून विकता. स्लॅब लगेच पडत नाही, कारण इंजिनिअर जास्तीची ताकद धरून ठेवतो. पण जुन्या घराच्या, सळया गंजलेल्या स्लॅबवर त्या राखीव ताकदीची परीक्षा पोरांना आत बसवून घ्यायची काय?

गच्चीला ढाळही असतो, पावसाचे पाणी निघावे म्हणून. शंभराला एक असा ढाळ धरला तरी दहा फुटांत तीन सेंटीमीटरचा फरक पडतो. फुगवलेली कड असलेल्या तलावाला हे चालत नाही. खालच्या बाजूची भिंत बाहेर पोट काढते आणि एखादे मूल त्याच बाजूला कडेवर रेलले की सगळे पाणी त्याच्यासकट बाहेर. शिवाय आमच्या गच्च्यांवर चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी असते, तिच्या धारा तळाला खालून कातरत राहतात. खाली ताडपत्री किंवा जुनी सतरंजी घाला, हे मी सांगतो. तुम्ही सांगत नाही. आणि गळलेले पाणी स्लॅबमध्ये मुरून खालच्या खोलीच्या छताला ओल धरली की तोच माणूस वॉटरप्रूफिंगचा डबा घ्यायला पुन्हा माझ्याकडेच येतो. माझा धंदा दोन्हीकडून होतो, तरी मी तक्रार करतो आहे, याची नोंद घ्यावी.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहा : भरल्यावर वजन इतके किलो. गच्चीवर इतक्या सेंटीमीटरपेक्षा जास्त पाणी भरू नका. लहान मूल एकटे सोडू नका, रात्री पाणी ठेवू नका. वीतभर पाण्यातही मूल दगावते. हे शेवटचे वाक्य तुम्ही चित्राच्या खुणेने दाखवता. ती खूण कुणी बघत नाही.

परत घेण्याच्या मुदतीबद्दल ऑनलाइन विक्रेत्यांना वेगळे विचारतो. सेल असतो मार्चमध्ये, शाळा सुटतात एप्रिलच्या शेवटी. खोके तोवर पलंगाखाली. ते उघडते तेव्हा तुमची सात किंवा दहा दिवसांची मुदत केव्हाच संपलेली असते, आणि पुढे 'फक्त बदलून मिळेल, तेही माल शिल्लक असल्यास'. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे सदोष किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसलेला माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रार पोचल्याचे ४८ तासांत कळवायचे आणि महिन्याभरात निवारण करायचे, असेही त्यातच आहे. विक्रेत्याने ग्राहक बनून स्वतःच्या मालाचे कौतुक लिहू नये, हेही. पाकिटबंद वस्तूंवर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता हवा, हे २०११ चे नियम सांगतात. तुमच्या खोक्यावर तो असतो, पण चिकटवलेल्या पट्टीवर, आणि तीही बऱ्याचदा पाण्याने पुसट झालेली. पाण्याची वस्तू विकताना पट्टी तरी पाण्याला टिकेल अशी घ्या.

तारे देण्याच्या पद्धतीबद्दलही. 'आजच मिळाला, पॅकिंग छान, पाच तारे' या अभिप्रायाचा कुणाला काय उपयोग? ज्यांनी घेऊन महिना झाला त्यांचे मत वेगळे आणि वर दाखवा. हे करणे तुमच्या संगणकाला अजिबात जड नाही.

१ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. तुमचे छोटे तलाव जाहिरातीत मुलांचे खेळणे असतात. चिन्हाचा विषय निघाला की त्यांच्यातले काही अचानक 'कुटुंबासाठीचे साहित्य' होतात. काय ते एकदा ठरवा आणि लिहा.

आणि हे सगळे तुम्हाला जमत नाही, असे कृपा करून म्हणू नका. २०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकेत बेस्टवे, इंटेक्स आणि पॉलिग्रुप या कंपन्यांनी जमिनीवर उभे करायचे, चार फूट व त्याहून उंच असे सुमारे ५० लाख तलाव परत बोलावल्याचे जाहीर केले. खांबांभोवतीच्या बाहेरच्या पट्ट्यावर पाय देऊन लहान मुले वर चढत होती. नऊ मुलांचा बुडून मृत्यू झाला. तो तलावाचा वेगळा प्रकार आहे, वेगळा दोष आहे आणि गळतीपेक्षा फार गंभीर आहे. पण तिथे सरकारी आयोग पाठीशी लागल्यावर वर्षानुवर्षांपूर्वी विकलेल्या तलावांसाठीही दुरुस्तीचे साहित्य फुकट देण्याची व्यवस्था झाली. म्हणजे गिऱ्हाइकापर्यंत दुरुस्तीचे साहित्य पोचवता येते. आमच्याकडे कुणी पाठीशी लागत नाही, एवढाच फरक. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक मी आता काउंटरवर लिहून ठेवला आहे. सरळ चीर घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवतो.

शेवटी व्यवहाराचे. येत्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात मला मऊ पीव्हीसीचा गोंद, ठिगळाची शीट आणि सुटी बुचे हवी आहेत. माझ्यासारखी दुकाने प्रत्येक गावात आहेत. त्यांच्या फळीवर हा माल गेला तर तुमची निम्मी ग्राहक सेवा आम्हीच करू, तीही मराठीत. मला उधारी नको, रोख घेईन. नेहमीचे मार्जिन द्या, जास्त मागत नाही. ट्यूबवर मात्र किंमत आणि मुदत स्पष्ट छापलेली असावी, आणि उन्हात वाळून गेलेला जुना माल पाठवू नये. उत्तर मराठीत आले तर बरे, हिंदीतही चालेल.

कळावे.

आपला,
एक हार्डवेअर दुकानदार,
अकोला